विग्रह

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, लोखंडाच्या वखारीसमोर
आमचं टायपिंग सेंटर. मालक कुंजुमोन, कासरगोडचे.
मी इंग्रजीचं अरबी करते. पानाला दोन रियाल,
शिक्का वेगळा.

सकाळी कंपनीचा माणूस कागद टाकून गेला.
तीन ओळींत गडी संपवला होता:
रामअवध, वय चौतीस, पाइपफिटर,
ब्लडथर्स्टी.
स्पेलिंगसुद्धा बरोबर.

शब्द जोडून लिहिलेला, मध्ये नख शिरेल एवढीही फट नाही.
कुंजुमोन म्हणाले, अकराला हवंय, विचार नको करू.

पण मला कणकवलीच्या शाळेतला फळा दिसायला लागला,
मुणगेकर बाईंचं तिरकं अक्षर:
पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करा.
नीलकंठ. घोडेस्वार. पुरणपोळी.
अर्ध्या-अर्ध्या मार्कासाठी आम्ही शब्द उसवायचो.
विग्रह म्हणजे भांडणसुद्धा, हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

जाड कोश उघडला.
म्हणे हा शब्द जर्मनातून आला, पाचेकशे वर्षांपूर्वी,
धर्मग्रंथ भाषांतरणाऱ्यांच्या हातून.
म्हणजे माझ्यासारखाच कुणीतरी,
एका दुपारी शब्द अडलेला,
त्यानं रक्ताच्या दावणीला तहान बांधली
आणि जेवायला गेला.
त्या गार मुलखात, दाराशी विहीर असताना,
तहानेतलं त्याला काय ठाऊक होतं?

अरबीतही तेच. मुतअत्तिश.
आत अतश बसलेली आहे, घसा कोरडा करून.
आणि आपलं रक्तपिपासू,
इतिहासाच्या पुस्तकात परकीय सरदारांना लावायचं विशेषण.
पिपासा: प्यायची इच्छा.
संस्कृतात इच्छा दाखवायची तर धातू स्वतःलाच दोनदा म्हणतो,
मूल ओचा धरून दोनदा मागतं तसा.
जिथं जावं तिथं रक्ताच्या आधी
कुणीतरी पाणी मागतंय.

दुसरा कागद खाली राहिला होता,
रामअवधचा जबाब, हवालदारानं लिहून घेतलेला.
कॅम्पचा कूलर तीन दिवस बंद.
ऑगस्ट. चौदा माणसं, एक कॅन.
मिजानूरनं तो खाटेखाली ओढला,
त्याचा भाचा तापानं फणफणला होता.
रामअवध उन्हातून आला, मागितलं.
मग पुन्हा मागितलं.
मग पाना उचलला.

सात टाके.
साक्षीदार सांगतो, रक्त आलं तसा
रामअवधनं आधी आडवा पडलेला कॅन उभा केला
आणि मग मिजानूरला धरलं.
ही ओळ मी चारदा वाचली.
क्रौर्य म्हणावं की काटकसर,
मला कुठल्याच भाषेत सांगता येईना.

अकराला पाच कमी.
मी मुतअत्तिश लिहिलं. लिहावंच लागतं.
भाषांतरकाराला पदरचं घालता येत नाही,
तळटीपेला तर कोर्टात जागाच नसते.
कुंजुमोननी शिक्का मारला, शाई फुंकली.

पुरणपोळी: पुरण घालून केलेली पोळी.
बाई म्हणायच्या, मधली पदं गळतात गं,
कुणी उच्चारत नाही, पण अर्थ त्यांच्यावरच उभा.
मध्यमपदलोपी.
रक्त आणि तहान, ह्यांच्यामध्ये
एक बंद कूलर गळून पडलाय,
दुरुस्तीचा न केलेला एक फोन,
आणि वीस लिटर.

माणूस कागद घेऊन निघाला.
दारातल्या आमच्या कूलरपाशी थांबला,
दोन ग्लास प्यायला, सावकाश,
तिसरा अर्धा टाकून गेला.